शिरोलीच्या मशीन शॉपमधला फाइल सर्व्हर: कामाच्या नोंदी

१३ मे २०२४

मशीनपर्यंत प्रोग्रॅम पोचवायची पद्धत बदलायला आज आबांनी, म्हणजे शॉपच्या मालकांनी, होकार दिला. सध्या तीन वाटा आहेत. मी कॅमवर, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, प्रोग्रॅम काढतो आणि पेनड्राइव्हवर घालून सेटरच्या, म्हणजे मशीनवर जॉब लावणाऱ्याच्या, हातात देतो. घाई असली की फोनवर पाठवतो, मग तो ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचा आणि परत पेनड्राइव्ह. तिसरी वाट म्हणजे मशीनच्या मेमरीत मागच्या खेपेचा जो पडलेला आहे तोच चालवायचा. या तिसऱ्या वाटेनं गेल्या महिन्यात घात केला. पंप हाउसिंगचं सुधारित ड्रॉइंग आलं होतं, बोअरची खोली बदलली होती, आणि रात्रपाळीत जुना प्रोग्रॅम लागला. सकाळपर्यंत पीस भंगारात.

ऑपरेटर पोराचा यात काही दोष नाही. ओ २१०४ या एकाच नंबरचे दोन प्रोग्रॅम त्याच्यासमोर होते, एक मेमरीत आणि एक पेनड्राइव्हवर. खरा कुठला, हे सांगणारं काहीच नव्हतं. म्हणून ठरलं ते असं: शॉपमध्ये एक साधा लिनक्स संगणक ठेवायचा, मंजूर प्रोग्रॅम फक्त त्यावर एका जागी राहील आणि प्रत्येक मशीन तिथूनच घेईल. शिवाय पुण्याचं गिऱ्हाईक मॉडेलच्या मोठ्या फाइली ईमेलवर तुकडे करून पाठवतं. त्यांनाही इथंच टाकता आल्या पाहिजेत.

नोंदी देवनागरीत ठेवतोय, त्यामुळे सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितो. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच आहेत.

१५ मे

आधी मशीनना काय बोलता येतं ते पाहिलं. तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीनं) आणि एक टर्निंग सेंटर (लेथच्या जातीचं मशीन) यांना फॅनकचे कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारे संगणक, आहेत आणि पॅनेलमध्ये इथरनेटचं सॉकेट आहे. पॅरामीटर २० मध्ये प्रोग्रॅम कुठून घ्यायचा ते ठरतं: ४ म्हणजे मेमरी कार्ड, १७ म्हणजे यूएसबी, ९ म्हणजे एम्बेडेड इथरनेट. एफटीपी ही एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइल नेण्याची जुनी पद्धत. ९ केलं की कंट्रोलर स्वतः एफटीपी क्लायंट, म्हणजे मागणारा, होऊन समोरच्या संगणकाकडून फाइल मागतो. आमच्या कंट्रोलरना एफटीपीच येतं. एसएफटीपी, म्हणजे कुलूपबंद जोडणीवरून फाइल नेणं, नाही, विंडोजचं शेअरिंगही नाही. जुन्या सीएनसी लेथला तर फक्त आरएस-२३२ चं, म्हणजे जुन्या सीरियल तारेचं, पंचवीस पिनी सॉकेट आहे. त्याचं नंतर बघू.

एफटीपी आता वापरू नका, असं जिकडंतिकडं वाचायला मिळतं. फायरफॉक्सनं ते जुलै २०२१ मध्ये काढून टाकलं, क्रोमनं त्याच वर्षी ऑक्टोबरात. इंटरनेटपुरता तो सल्ला अगदी रास्त आहे. पण व्हीएमसी ही काय दोन वर्षांनी बदलायची वस्तू नव्हे. कर्ज फेडून झाल्यावरही ते मशीन दहा-पंधरा वर्षं कमावून देतं, आणि त्याचा कंट्रोलर जी भाषा बोलतो तीच आपल्याला बोलावी लागते.

एफटीपीचा पहिला मसुदा अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये लिहिला. जन्म अलाहाबादचा, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत शिक्षण, आणि पुढं अमेरिकेत एमआयटी. आपल्याकडच्या माणसानं घडवलेली ही गोष्ट शॉपमधल्या पोरांना माहीत असावी, म्हणून आज चहाच्या वेळी सांगितली. तेव्हाच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि प्रयोगशाळा होत्या. तारेवर कुणी चोरून ऐकेल ही भीती त्या रचनेत नाही. पासवर्ड जसा टाइप केला तसाच तारेवरून जातो. १९८५ च्या आरएफसी ९५९ या नियमांच्या दस्तऐवजामध्ये, ज्यावर आजचे सगळे सर्व्हर चालतात, तिथंही तसाच.

म्हणून निर्णय: मशीनकडच्या बाजूला एफटीपी, बाहेरच्या बाजूला फक्त एसएफटीपी. दोन्ही बाजूंच्या तारा वेगळ्या, आणि एकीकडचा माणूस दुसरीकडं पोचता कामा नये.

१६ मे

ऑफिसमधला जुना आय-३ डेस्कटॉप घेतला. एसएसडी नवीन घातली, आधीची एक टीबीची डिस्क बॅकअपसाठी आतच ठेवली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतून दुसरं नेटवर्क कार्ड आणलं. डेबियन १२ हे लिनक्स बसवलं, डेस्कटॉपशिवाय. फक्त एसएसएच (दुरून कुलूपबंद जोडणीनं संगणक वापरायचं साधन) आणि नेहमीची साधनं. बायॉसमध्ये जाऊन लाइट परत आल्यावर आपोआप चालू हो, हे सेटिंग लावलं. आपल्याकडं हे आधी करायचं, बाकी सगळं नंतर.

आबा येऊन उभे राहिले. "पडद्यावर काय दिसणार मग?"

"काहीच नाही, आबा. मॉनिटर काढूनच ठेवायचाय."

"आन मग ते चाललंय, का बंद पडलंय, हे मला कळणार कसं?"

प्रश्न बरोबर आहे. वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

पहिलं कार्ड राउटरकडं, दुसरं मशीनच्या स्विचकडं. मशीनकडच्या बाजूला १९२.१६८.१० ची पत्त्यांची मालिका दिली आणि सर्व्हरला त्यात १९२.१६८.१०.२. त्या बाजूला गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, मुद्दाम दिला नाही. लिनक्स एका कार्डावरचं पाकीट (माहितीचा तुकडा) दुसऱ्या कार्डावर आपणहून ढकलत नाही, त्याला तसं सांगावं लागतं. ते सांगितलेलं नाही, आणि 'आयपी फॉरवर्ड' शून्य आहे हे तपासूनही घेतलं. म्हणजे मशीनना इंटरनेट नाही, आणि इंटरनेटवरून मशीन दिसत नाहीत.

१८ मे

एफटीपीसाठी व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर प्रोग्रॅम निवडला. लहान आहे, सेटिंगची फाइल एक आहे, आणि ती वाचून समजते. घेतला तो डेबियनच्या भांडारातून. २०११ च्या जुलैत याच सर्व्हरच्या २.३.४ आवृत्तीच्या मूळ डाउनलोडमध्ये कुणीतरी मागचं दार बसवून ठेवलं होतं: युजरनेममध्ये हसऱ्या चेहऱ्याची दोन चिन्हं टाकली की ६२०० पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांकाचं दार) थेट रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी युजरचं, शेल, म्हणजे आज्ञा द्यायची जागा. आत्ता मार्चअखेर एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण झालं तेही त्याच जातीचं, आणि डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलेलं नव्हतं. कुठूनही उतरवलेली फाइल शॉपच्या सर्व्हरवर चढवायची नाही, हा नियम आजपासून.

सेटिंग करताना जिथं थांबावं लागलं तेवढंच लिहितो.

'लिसन अॅड्रेस' मध्ये १९२.१६८.१०.२ दिला, म्हणजे एफटीपी फक्त मशीनकडच्या कार्डावर ऐकेल. डेबियनच्या फाइलमध्ये 'लिसन' नो आणि 'लिसन आयपीव्ही६' यस असं येतं. ते उलटं करावं लागतं, तरच हा पत्ता लागू होतो.

'राइट एनेबल' मुळात नो असतं. ते यस केलं, कारण मशीनवर सुधारलेला प्रोग्रॅम परतही आणायचाय. 'लोकल उमास्क' मुळात ०७७. त्यानं चढवलेली फाइल चढवणाऱ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. ०२२ केलं.

युजरला त्याच्याच फोल्डरात कोंडायचं, म्हणून 'चरूट लोकल युजर' यस. लगेच सर्व्हरनं सुनावलं: ५०० ऊप्स, चरूटच्या आतलं मूळ फोल्डर लिहिता येण्याजोगं असेल तर मी चालणार नाही. यावर 'अलाऊ रायटेबल चरूट' यस करा, असा एका ओळीचा उपाय सगळीकडं सांगतात. तो मी घेतला नाही. तक्रार रास्त आहे, तर तिचं ऐकावं. मूळ फोल्डर रूटच्या मालकीचं, कुणालाही न लिहिता येणारं ठेवलं आणि त्याच्या आत दोन फोल्डर केली. 'चालू' हे मशीनला फक्त वाचण्यासाठी. 'परत' हे मशीननं लिहिण्यासाठी. आपल्याला हवी ती शिस्त त्या एका तक्रारीमुळं आयतीच बसली.

प्रत्येक मशीनला वेगळा युजर दिला, म्हणजे लॉगमध्ये कोणी काय घेतलं ते नावानिशी येईल. या युजरना शेल नको म्हणून 'नोलॉगिन' लावलं, तर पासवर्ड बरोबर असूनही ५३०, लॉगिन चूक. कारण सर्व्हरच्या सेटिंगमध्ये नसून पॅमच्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेच्या, फाइलमध्ये आहे. व्हीएसएफटीपीडीच्या पॅम फाइलमधली 'पॅम शेल्स' ची ओळ तपासते की युजरचं शेल मान्यताप्राप्त यादीत आहे का. नोलॉगिन त्या यादीत नसतं. यादीत ते घालणं म्हणजे साऱ्या संगणकाला लागू होणारा बदल. त्यापेक्षा फक्त या एका फाइलमधली ओळ बंद केली, आणि 'युजरलिस्ट' उलटी लावून मोजक्या मशीन-युजरनाच परवानगी दिली. बाकी कुणी बरोबर पासवर्ड टाकला तरी बाहेरच.

२१ मे

तारा टाकल्या. कॅट-६, शिल्डवाली. टर्निंग सेंटर सगळ्यात लांब, पण शंभर मीटरच्या मर्यादेत आरामात बसतंय.

पहिल्या व्हीएमसीवर पत्ते भरले: मशीनचा स्वतःचा १९२.१६८.१०.२१, होस्ट १०.२, पोर्ट २१, युजर, पासवर्ड, लॉगिन फोल्डर. पॅरामीटर २० ला ९. संध्याकाळी मामांना, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या सेटरना, बोलावून यादी उघडायला लावली. स्क्रीनवर 'चालू' मधली नावं आली. ओ २१०४ निवडला, रीड दाबलं, उतरला. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याच क्षणी ओळ पडली: व्हीएमसी१, डाउनलोड ठीक, क्लायंट १९२.१६८.१०.२१, १८३४२ बाइट.

त्याच वेळी टीसीपीडम्प हे पाकिटं दाखवणारं साधन लावून तारेवर काय जातंय ते वाचत होतो. युजर व्हीएमसी१, आणि खालच्या ओळीत पासवर्ड, स्पष्ट अक्षरांत. ही तार त्या स्विचच्या पलीकडं का जाऊ द्यायची नाही, ते शेजारी उभ्या असलेल्या ट्रेनी पोराला तिथंच दाखवलं. सांगण्यापेक्षा ते दोन ओळी बघणं जास्त कामी आलं.

पुढची ओळ त्याहून बघण्यासारखी होती: पोर्ट १९२,१६८,१०,२१,४,३. एफटीपीत आज्ञा २१ वरून जातात आणि फाइल दुसऱ्याच जोडणीवरून येते. ॲक्टिव्ह पद्धतीत क्लायंट म्हणतो, मी या पत्त्यावर या पोर्टवर थांबलोय, तू ये. पहिले चार आकडे पत्ता. शेवटचे दोन पोर्ट: ४ गुणिले २५६ अधिक ३, म्हणजे १०२७. मग सर्व्हर आपल्या २० पोर्टवरून तिकडं जातो. आमचा कंट्रोलर ॲक्टिव्हच वापरतो. मध्ये राउटर असता तर इथंच अडलं असतं, कारण राउटरच्या पलीकडून सर्व्हरला १०.२१ हा पत्ता सापडलाच नसता. एकाच स्विचवर असल्यामुळं काही करावं लागलं नाही. लॅपटॉपवरून पॅसिव्हनं, म्हणजे सर्व्हर थांबतो आणि क्लायंट येतो अशा उलट पद्धतीनं, जोडता यावं म्हणून ४०००० ते ४००१० एवढे पोर्ट ठरवून दिले आणि फायरवॉलमध्ये फक्त मशीनकडच्या कार्डावर उघडले.

२२ मे

दुसरी आणि तिसरी व्हीएमसी जोडली. दोन्ही पहिल्याच फटक्यात लागल्या.

२४ मे

टर्निंग सेंटरवर फाइल मध्येच अडखळते. कधी चालते, कधी नाही. मामांनी खूण पकडली: "स्पिंडल बंद असलं की येतंय बघ. दुसऱ्या मशीनचं स्पिंडल फिरायला लागलं की गडबड."

स्विचच्या त्या पोर्टवरचे आकडे बघितले. चुकलेल्या पाकिटांची, म्हणजे सीआरसी एररची संख्या शेजारच्या मशीनचं स्पिंडल सुरू झालं की चढायची आणि थांबलं की स्थिर व्हायची. तार बघत बघत मागं गेलो. तार ओढणाऱ्यांनी शेवटच्या टप्प्यात ती ड्राइव्हच्या मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये बांधली होती, चांगली पाच-सहा मीटर अंगाला अंग लावून. तार वेगळी काढली, वरच्या गर्डरवरून नेली, मोटर केबल जिथं ओलांडावी लागते तिथं काटकोनात ओलांडली आणि शिल्डचं अर्थिंग तपासलं. तिन्ही स्पिंडल एकदम फिरवून मोठा सरफेसिंगचा प्रोग्रॅम उतरवला. एररचा आकडा जिथं होता तिथंच.

मशीन शॉपमध्ये सर्व्हर बसवणाऱ्यानं लॉग वाचायच्या आधी तार कुठून गेलीय ते चालत जाऊन बघावं, असं माझं मत झालंय.

२७ मे

आजचं काम माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं: 'चालू' मध्ये प्रोग्रॅम जातो कसा.

हातानं कॉपी करायला कुणालाच परवानगी नाही, मलाही नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, तिचं नाव 'मंजूर'. ती आधी बघते की पहिली आणि शेवटची ओळ टक्क्याच्या चिन्हाची आहे का. फाइल अर्धवट आली असेल तर शेवटचं चिन्ह नसतं, एवढ्यावरच कितीतरी धोका टळतो. मग आतला ओ नंबर आणि फाइलचं नाव जुळतं का. मग ओ नंबरशेजारी कंसात जॉबचं नाव आणि ड्रॉइंगची आवृत्ती लिहिलीय का. ही कंसातली टीप कंट्रोलरच्या प्रोग्रॅमच्या यादीतच दिसते, मशीनवरचा माणूस ती न उघडता वाचू शकतो. यातलं काहीही नसेल तर स्क्रिप्ट नकार देते.

सगळं असेल तर आधीची फाइल इतिहासाच्या फोल्डरात तारखेनिशी जाते. ते फोल्डर चरूटच्या बाहेर आहे, मशीनना दिसत नाही. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावानं त्याच डिस्कवर लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदललं जातं. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका दमात होतं. मशीननं त्याच सेकंदाला फाइल मागितली तरी तिला एक तर पूर्ण जुनी मिळेल किंवा पूर्ण नवी, अर्धी कधीच नाही.

'चालू' मध्ये एका नंबरची एकच फाइल. जॉब लावताना मेमरीतला प्रोग्रॅम आधी काढायचा, मग सर्व्हरवरून घ्यायचा. हे ए-४ कागदावर लिहून चारही मशीनच्या दारावर चिकटवलं.

"मामा, आवृत्ती दिसतीय न्हवं नीट?"

"दिसतीया की. नंबरच्या शेजारीच लिवलंय. पण रातच्याला पोरगं मेमरीतला काढंल कशावरनं?"

तेही लॉगवरून कळतं. जॉब कार्डावर सुरुवातीची वेळ असते, आणि लॉगमध्ये डाउनलोडची. सकाळी दोन्ही शेजारी ठेवून बघायला दोन मिनिटं लागतात. मामांनी ते काम स्वतःकडं घेतलं.

ओळींच्या शेवटांबद्दल: एफटीपीत मजकुराची ॲस्की पद्धत असते, ती ओळीचा शेवट वाटेत बदलते. व्हीएसएफटीपीडी मुळात ती मान्य केल्याचं दाखवतो आणि प्रत्यक्षात फाइल जशीच्या तशी पाठवतो. मला तेच हवंय. खात्री म्हणून एक प्रोग्रॅम मशीनवरून 'परत' मध्ये घेतला आणि मूळ फाइलशी ताडून पाहिला. आमचा कंट्रोलर मधल्या मोकळ्या जागा गाळतो, त्या सोडून तुलना केली. एका अक्षराचाही फरक नाही.

३० मे

बाहेरची बाजू. राउटरवरचा बाहेरचा पत्ता १०० पासून सुरू होणारा निघाला. १००.६४ ते १००.१२७ या मालिका इंटरनेट कंपन्या एका पत्त्यामागं अनेक गिऱ्हाईकं बसवण्यासाठी वापरतात. तिथं आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. स्थिर पत्त्यासाठी अर्ज केला, वर्षाला थोडे जादा पैसे पडतात. आबांनी सही करताना एवढंच विचारलं, "यानं पुण्याची फाइल सकाळी यायची ती आदल्या रात्रीच येणार न्हवं?" हो म्हटलं.

पत्ता मिळेपर्यंत एसएफटीपी आतून तयार करून ठेवलं. यासाठी नवीन काही बसवावं लागत नाही, ओपनएसएसएच पुरतो, आणि आज्ञा, पासवर्ड, फाइल सगळं एका २२ पोर्टवरून कुलूपबंद जातं. गिऱ्हाइकांचा एक गट केला आणि एसएसएचच्या फाइलमध्ये 'मॅच ग्रुप' खाली त्यांना बांधून टाकलं: चरूट त्यांच्या फोल्डरात, 'फोर्स कमांड' ला इंटर्नल-एसएफटीपी, टनेल बंद, शेल नाही. इथंही चरूटचं फोल्डर आणि त्याच्या वरची सगळी फोल्डरं रूटच्याच मालकीची आणि इतरांना न लिहिता येणारी लागतात, नाहीतर जोडणी लागते आणि लगेच तुटते. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर कारण दिसत नाही, ते सर्व्हरच्या लॉगमध्येच मिळतं.

पासवर्ड पूर्ण बंद. फक्त डिजिटल किल्ली, खासगी आणि सार्वजनिक अशा दोन भागांची, ईडी२५५१९ जातीची. आणि गिऱ्हाइकांच्या सार्वजनिक किल्ल्या त्यांच्या फोल्डरात न ठेवता वेगळ्या, रूटच्या ताब्यात ठेवल्या, म्हणजे आपल्याला न कळवता कुणी दुसरी किल्ली घुसवू शकणार नाही.

४ जून

स्थिर पत्ता आला. २२ पोर्ट आत वळवला. वेगळा नंबर घ्यावा असं काही जण सुचवतात, पण पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या फायरवॉलमधून बाहेर जायला २२ च मोकळा आहे, आणि किल्लीशिवाय कुणी आत येतच नसेल तर नंबर लपवून फार काही साधत नाही.

चहा पिऊन येईपर्यंत लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांची रांग. रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल. जगभरचे बॉट दार ठोठावतायत. पासवर्ड बंद असल्यामुळं त्यांच्या हाती काही लागत नाही, पण लॉग भरतो. असे पत्ते अडवणारं फेल-टू-बॅन लावलं तर ते सुरूच होईना. डेबियन १२ मध्ये एसएसएचच्या नोंदी जुन्या ऑथ लॉग फाइलमध्ये जात नाहीत, त्या सिस्टिमडीच्या, म्हणजे सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, जर्नलमध्ये असतात. फेल-टू-बॅन ती न मिळणारी फाइल शोधत बसतं. 'बॅकएंड' ला सिस्टिमडी लिहिलं आणि पायथनचं त्यासाठीचं पॅकेज बसवलं. चालू.

६ जून

पुण्याच्या डिझाइन ऑफिसातल्या साहेबांना फोनवरून विनएससीपी हा फाइल चढवायचा प्रोग्रॅम लावून दिलं. किल्ली कशी बनवायची ते सांगितलं. त्यांनी ईमेलवर पाठवली ती खासगी किल्ली. त्यांना नम्रपणे सांगितलं, "सर, ही आता रद्द समजा, नवी बनवा आणि तिचा फक्त सार्वजनिक भाग पाठवा. खासगी भाग तुमच्या संगणकाबाहेर जायलाच नको, माझ्याकडंसुद्धा." त्यांनी लगेच केली. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या ओळखीची जी अक्षरं दिसतात ती फोनवर मी वाचत गेलो आणि ते पडद्यावर ताडत गेले. एवढा वेळ एकदाच द्यावा लागतो.

त्यांनी लगेच एक अवजड स्टेप फाइल, म्हणजे मॉडेलची फाइल, चढवली. चढत असताना तिच्या नावापुढं 'फाइलपार्ट' असं शेपूट असतं आणि पूर्ण झाल्यावर ते जातं. शेपूट असलेली फाइल उघडायची नाही, एवढं ऑफिसात सांगितलं.

८ जून

जोराचा पाऊस, लाइट गेली. यूपीएस पुरला तेवढा पुरला. लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप उठला, एसएफटीपी चालू, एफटीपी बंद. लॉगमध्ये: ऐकण्याचा पत्ता बांधता आला नाही. मशीनचा स्विच ज्या पॅनेलवर आहे तो ब्रेकर नंतर चढवला गेला. सर्व्हर उठला तेव्हा पलीकडं तारेत जीवच नव्हता, म्हणून त्या कार्डाला पत्ताच मिळाला नव्हता, आणि नसलेल्या पत्त्यावर एफटीपी ऐकणार कसा? नेटवर्कच्या फाइलमध्ये त्या कार्डाचं 'अलाऊ हॉटप्लग' काढून 'ऑटो' केलं, आता तार मेलेली असली तरी पत्ता लागतो. शिवाय सिस्टिमडीला सांगितलं की ही सेवा नेटवर्क पूर्ण झाल्यावर सुरू कर, आणि पडली तर दहा सेकंदांनी पुन्हा उठव. मुद्दाम ब्रेकर पाडून, सर्व्हर बंद-चालू करून बघितलं. उठतो.

आबांच्या पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तरही आजच दिलं. रोज सकाळी आठला त्यांच्या फोनवर एक छोटा ईमेल जातो: दोन्ही सेवा चालू आहेत का, डिस्क किती भरली, काल कुठल्या मशीननं काय घेतलं, रात्रीचा बॅकअप झाला का. ईमेल आला नाही तर मला फोन करायचा.

१३ जून

बॅकअप. रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनानं दुसऱ्या डिस्कवर, आणि न बदललेल्या फाइलींना हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव, त्यामुळं प्रत्येक दिवसाचं पूर्ण चित्र मिळतं पण जागा फक्त बदलाची जाते.

पण दोन्ही डिस्का एकाच डब्यात, आणि तो डबा शिरोलीत. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला होता. तेव्हा कोल्हापुरातून शॉपपर्यंत पोचायची वाटच बंद. म्हणून दुसरी प्रत राजारामपुरीत, आबांच्या घरी, एका छोट्या संगणकावर. घरचा संगणक शॉपच्या सर्व्हरकडून ओढून घेतो, शॉपचा सर्व्हर घरी ढकलत नाही. शॉपच्या सर्व्हरवर कधी कुणी कब्जा केलाच, तरी त्याच्याकडं घरची किल्ली नसते आणि घरची प्रत पुसता येत नाही.

सर्व्हर खालच्या टेबलावरून काढून ऑफिसच्या माळ्यावर नेला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की त्याच दिवशी हातानं एक जादा प्रत काढायची, ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. हेही दारावरच्या कागदात वाढवलं.

२० जून

परत आणून बघितलं. घरच्या प्रतीतून 'चालू' आणि इतिहास रिकाम्या डिस्कवर उतरवले, प्रत्येक फाइलचा शा-२५६, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, ताडला. जुळले. मग त्यातूनच एक प्रोग्रॅम व्हीएमसीवर घेतला आणि ड्राय रन, म्हणजे धातू न कापता नुसता चालवून बघणं, केला.

२ जुलै

काल ओपनएसएसएचमधली मोठी त्रुटी जाहीर झाली, सीव्हीई-२०२४-६३८७. लॉगिनची मुदत संपताना सर्व्हर जे आवरतो, त्यातल्या वेळेच्या घोळातून लॉगिन न करता रूटपर्यंत पोचता येतं. ग्लिबसी ही मूळ लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर ८.५ पासून ९.८ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्यांत आहे. डेबियन १२ चं ९.२ त्यात बसतं. हा सर्व्हर इंटरनेटकडं तोंड करून बसलाय, तेव्हा थांबून चालणार नव्हतं. सकाळी उघडून बघितलं तर आपोआप अपडेट लावून ठेवल्यामुळं डेबियनचं दुरुस्त पॅकेज रात्रीच बसलं होतं आणि एसएसएच नव्यानं सुरूही झालं होतं. आवृत्तीच्या शेवटी डेब१२यू३ आहे हे डोळ्यांनी बघितलं, आणि सेवा सुरू झाल्याची वेळ पॅकेजच्या नंतरची आहे हेही.

घरच्या संगणकावर अपडेट आपोआप नव्हतं. ते आज लावलं आणि पुण्याच्या साहेबांनाही त्यांचे सर्व्हर बघायला कळवलं.

५ जुलै

जुना लेथ. 'चालू' फोल्डरातूनच, पण सीरियल तारेनं. यूएसबी-सीरियल ॲडॅप्टर आणला. तारेची जोडणी: नऊ पिनी बाजूचे २ आणि ३ हे पंचवीस पिनी बाजूच्या २ आणि ३ ला असे जोडायचे की एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्याला मिळेल, ५ ची जमीन (ग्राउंड) ७ ला. पंचवीस पिनी बाजूला ४-५ आपसांत, आणि ६-८-२० आपसांत. नऊ पिनीला ७-८, आणि १-४-६. थांब-चालू सॉफ्टवेअरनं, म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ. कनेक्टर शाहूपुरीतून उद्या येतायत. सोल्डरिंग ट्रेनी पोरगं करणार आहे, मी फक्त मल्टिमीटरनं प्रत्येक पिन तपासून घेणार.